जाळीवाले की बंदवाले

सूर्याजींनी काउंटरवर दोन हेडफोन शेजारी शेजारी ठेवले. "हे जाळीवाले आणि हे बंदवाले. आता तुम्ही जाणे आणि तुमचे कान."

ग्वाल्हेरच्या नया बाजारातलं सूर्याजींचं दुकान मी कॉलेजपासून ओळखते. पुढे पेट्या, ढोलक्या, लग्नातल्या बँडवाल्यांचे ताशे. मागे पडद्याआड गिटारी. त्यांचे आजोबा फौजेच्या बँडमध्ये बिगुल वाजवायचे. सूर्याजी स्वतः काहीच वाजवत नाहीत, पण कान असा की रस्त्यावरून जाणाऱ्या वरातीतली बेसूर सनई ऐकून इथे बसल्या बसल्या तोंड वाकडं करतात. माझी बास गिटार त्यांनीच मागवून दिली होती, नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा म्हणाले होते, "सगळी पोरं सहा तारा मागतात, तुम्ही चार. दोन तारांची सुट्टी कशाला?"

आज त्यांचा पहिला प्रश्न होता, "दोन वर्षं कुठे होतात?"

"मुलगी झाली."

"ते माहीत पडलं. पेढे नाही माहीत पडले."

मी हसले, पण डोळा मोबाइलवर होता. दुर्गाला घरी आईंजवळ ठेवून आले होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. निघताना दुर्गाचं अंग गार होतं, तरी मी दोनदा थर्मामीटर लावून पाहिला होता.

"एकच पेडल घेणार आहे," मी म्हटलं. "घरी सराव करायचाय, आवाज न करता. आणि मनगट दुखतं. मुलीला उचलून उचलून."

"एकच म्हटल्यावर चमकणारे सगळे बाजूला." सूर्याजींनी पायाने दाबायचे, गिटारचा आवाज बदलणारे लाल-पिवळे डबे सरकवले. "पोरं पहिल्या दिवशी हे आवाज खरखरीत करणारं फझ मागतात. अहो, गिटारचं पेडल बासला लावलं की ते खालचा सूरच गिळून टाकतं, उरते नुसती कुरकुर. वर त्यात चुका लपतात. तुम्हाला लपवायच्या आहेत?"

"नाही. मला त्या ऐकायच्या आहेत."

"मग कॉम्प्रेसर." त्यांनी एक करडा, काहीच न चमकणारा डबा पुढे ठेवला. "बोट हळू पडलं तर आवाज वर उचलतो, जोरात पडलं तर दाबतो. हात हलका ठेवून वाजवा. मनगटाला आराम."

पेडलच्या दुसऱ्या टोकाला काडेपेटीएवढा हेडफोनचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, लागत होता. त्यातून एक वायर मोबाइलला जोडली की रेकॉर्डिंगसुद्धा होतं. राहिले हेडफोन.

आधी जाळीवाले लावले. त्यांच्या पाठीला बारीक जाळी असते, बाहेरचं सगळं आत येतं. मला रस्त्यावरचे टेम्पो ऐकू येत होते, सूर्याजींचा खोकला ऐकू येत होता. फक्त सगळ्यात जाड तारेचा, ई तारेचा, सगळ्यात खालचा सूर येत नव्हता. म्हणजे बोटाला कळत होता, कानाला नाही. मग बंदवाले लावले. दुकान नाहीसं झालं. तो सूर आला, जाड, गोल, छातीत उतरणारा. दोन वर्षांनी आला. मी डोळे मिटले असणार, कारण उघडले तेव्हा सूर्याजी माझ्याकडे बघून हळू हसत होते.

"जाळीवाले घरात बरे पडतात," ते म्हणाले. "लहान मूल आहे म्हणता."

"पण यात बास ऐकू येत नाही."

"ते आहेच."

"मी एक कान उघडा ठेवीन," मी म्हटलं, आणि बंदवाले घेतले.

---

हे सगळं कशासाठी, ते सांगते. कॉलेजात असताना आमचा चौघांचा बँड होता. शिखा गाते आणि गिटार वाजवते, युवराज की-बोर्डवर, ड्रमवर विक्रमसिंह, बास माझा. दुर्गाच्या वेळी सहावा महिना लागला आणि मी थांबले. बँड थांबला नाही. एप्रिलमध्ये शिखाचा फोन आला.

"मंजू, जूनच्या शेवटी भोपाळला स्टेज मिळतंय. इस बार असली वाला, कोणाच्या लग्नातलं नाही. तू येणार आहेस का ते साफ सांग."

"आणि नाही आले तर?"

"तो क्या. युवराज लेफ्ट हँडने बास सांभाळतोच आहे दोन वर्षं. तुझ्यासारखं नाही होत, लेकिन चल जाता है."

की-बोर्डवर उजव्या हाताने सूर आणि डाव्या हाताने बास. बहुतेक छोटे बँड असंच करतात, त्यात वाईट काही नाही. पण ते 'चल जाता है' दिवसभर माझ्या कानात राहिलं. ठरलं ते असं, की मी घरून एक रेकॉर्डिंग पाठवायचं आणि एका रविवारी सगळ्यांबरोबर वाजवून दाखवायचं. जमलं तर भोपाळ. नाहीतर युवराजचा डावा हात कायमचा.

राघव, माझा नवरा, लगेच हो म्हणाला. आईही नाही म्हणाल्या नाहीत. आमचं घर जयेंद्रगंजात, दोन मजली. तळमजल्यावर आई आणि स्वयंपाकघर, वर आमची खोली आणि तिला लागून एक अडगळीची खोली. पहिल्या आठवड्यात मी त्या अडगळीत जुन्या छोट्या अँपवर वाजवून पाहिलं. आवाज अगदी कमी ठेवला होता. तरी पंधराव्या मिनिटाला आई जिना चढून आल्या.

"मंजिरी, तुला ऐकू येतंय की नाही माहीत नाही, पण माझ्या मांडणीतले डबे नाचतायत. शेंगदाण्याचा डबा तर पार कडेला आलाय, त्याला बहुतेक भोपाळला यायचंय."

बासचं हे असंच. कानाला कमी आणि जमिनीला जास्त. म्हणून हेडफोन.

आई मूळच्या वाईच्या. लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. मी इथलीच, शहराच्या लष्कर भागात वाढलेली, माझी मराठी हिंदीच्या मांडीवर बसून शिकलेली. मी घरात नवी आले तेव्हा एकदा म्हटलं, "आई, तुम्ही खाली आहात का?" आई माझ्यासमोरच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी खुर्चीच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खाली नाही गं, वरच आहे अजून. काय काम होतं?"

मला विचारायचं होतं, रिकाम्या आहात का, मोकळ्या आहात का. आम्ही इथे तसंच म्हणतो. हिंदीतला 'खाली' इतका मुरलाय की वेगळा वाटतच नाही. त्यावरून पुढे घरात कितीतरी दिवस हसणं चाललं. आई डब्याचं झाकण उघडून म्हणायच्या, "साखर खाली आहे. तुझी खाली, माझी नव्हे." राघव ऑफिसातून आला की विचारायचा, "आज कोण खाली आणि कोण वर?"

दुर्गा झाल्यावर मात्र आईच बदलल्या. मी रात्र रात्र जागायची. सकाळी त्या येऊन दुर्गाला माझ्या कुशीतून काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी खाली आहे, तू झोप." माझ्या शब्दात. एकतीस वर्षं जो शब्द त्यांनी तोंडात येऊ दिला नव्हता तो माझ्यासाठी घेतला. मला ते तेव्हा कळलं होतं, पण मी काही बोलले नाही. तेही बोलायला हवं होतं.

---

दुर्गा अकरा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा आकडी आली. साधा ताप होता, एकशे दोन. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, आणि मिनिटभरात सगळं संपलंही. डॉक्टरांनी समजावलं की काही मुलांना तापात असं होतं, मोठी झाली की जातं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, किती वेळ चालते ते मोजायला घड्याळ लावायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात मारायचा एक फवारा लिहून दिला. आणि सर्दी-ताप असेल तेव्हा मुलीला एकटं सोडायचं नाही.

मी घड्याळ लावायला शिकले. दुर्गा झोपली की तिचे श्वास मोजायचे. फवाऱ्याच्या बाटल्या दोन, एक उशीपाशी, एक पर्समध्ये. राघव म्हणायचा, "तू आई आहेस की चौकीदार?" मी म्हणायची, "दोन्ही. पगार एकाचाही नाही."

सरावाचा माझा नियम ठरलेला होता. दुर्गा शेजारच्या खोलीत झोपलेली असली तर डावा कान झाकलेला, उजवा उघडा. दोन्ही कान फक्त तेव्हा, जेव्हा कुणी तिच्याजवळ असेल. एका कानाने बास वाजवणं म्हणजे एका पायाने जिना चढणं. चढता येतो, पण लय बसत नाही. तीन आठवडे मी तशीच वाजवत होते. रेकॉर्डिंग ऐकलं की जाणवायचं, प्रत्येक सूर जरा दचकलेला. कॉम्प्रेसर आवाज सारखा करतो, दचकणं नाही.

त्या मंगळवारी दुर्गाला थोडी सर्दी होती. सकाळी ताप नव्हता. शिखाचा मेसेज आला होता, "आज रात तक रेकॉर्डिंग भेज दे यार, मला पुढे पाठवायचंय." म्हणून सकाळीच मी आईंना विचारलं.

"आई, आज दुपारी तुम्ही खाली आहात ना?"

"आहे ना. जाते कुठे? लोणच्याच्या कैऱ्या यायच्यात."

झालं. मला वाटलं, ठरलं.

दुपारी तीनला दुर्गा झोपली. मी थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव पॉइंट चार. तिच्यावर पातळ ओढणी घातली, कूलर तिच्या अंगावर सरळ येणार नाही असा वळवला. मे महिन्यातला ग्वाल्हेरचा कूलर म्हणजे खोलीत ट्रक सुरू करून ठेवल्यासारखा. मग अडगळीत येऊन बसले. डावा कान झाकला, उजवा उघडा.

सव्वातीनच्या सुमारास आई दारात आल्या. हातात सुरी होती की विळी, आठवत नाही. काहीतरी होतं, आणि ते मी पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं पण मनात घेतलं नाही.

"मंजिरी, मी खाली आहे गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो आई." आणि दुसरा कान झाकला. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

गाणं साडेचार मिनिटांचं. मी ते लागोपाठ दोनदा वाजवलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हात मोकळा सुटला होता. खांद्यावरून काहीतरी उतरलं होतं. बोटं तारेवर पडत नव्हती, टेकत होती. दुसऱ्या खेपेला मी मधल्या ओळींत जे वाजवलं ते आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत मी तार धरून ठेवली. मग हेडफोन काढले.

कूलरची घरघर आली. आणि त्या घरघरीत एक छोटासा, नेमाने येणारा आवाज. पलंगाची कडा भिंतीला लागत होती.

दुर्गा पलंगावर एकटी होती. डोळे डावीकडे वर गेलेले, ओठ निळसर, डावा हात नुसता उडत होता. अंग भाजत होतं. मी तिला कुशीवर वळवलं, फवारा मारला, ओरडले. घड्याळ लावलं. फवाऱ्यानंतर दोन मिनिटं वीस सेकंदांनी हात थांबला. आई धावत आल्या तेव्हा त्यांच्या हाताला कैरीचा चीक होता.

---

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "कितनी देर चला?"

सगळं मोजणारी मी, आणि मला उत्तर देता येईना.

"आपके सामने शुरू नहीं हुआ?"

"नहीं."

"तो कोई अंदाज़? पाँच मिनट, दस मिनट? इलाज इसी पर है."

मी पर्समधून मोबाइल काढला. रेकॉर्डिंग उघडलं. नऊ मिनिटं बारा सेकंद. त्याच्या आधी एक कान उघडा होता आणि मी काही ऐकलं नव्हतं. कूलरमध्ये ऐकू आलं असतं का, तेही आता सांगता येत नाही. डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की जास्तीत जास्त साडेअकरा, कमीत कमी अडीच. त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि जास्तीच्या आकड्याखाली रेघ ओढली. आकडी एका बाजूची आणि लांबलेली, म्हणून आता रोजचं औषध, निदान दोन वर्षं. डावा हात काही दिवस मंद राहील. पुढचं पुढे बघू.

राघव इंदरगंजच्या ऑफिसातून थेट आला होता. बाहेरच्या बाकावर आई एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये तो. मग त्याने हळूच विचारलं, "तिच्याजवळ कोण होतं?"

"आई," मी म्हटलं.

आईंनी मान वर केली. "मी? मी कशी असेन? मी तुला सांगून गेले."

"तुम्ही मला म्हणालात, मी खाली आहे."

"होतेच की खाली. स्वयंपाकघरात. कैऱ्या—" आणि तिथे आई थांबल्या.

मीही थांबले. राघवने आधी आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कॉरिडॉरमधून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली, तिचं एक चाक चुकत होतं.

"सकाळी तू विचारलंस," आई म्हणाल्या, "दुपारी खाली आहात ना. मला वाटलं, डबे नाचतील म्हणून विचारतेस. हळू वाजवायचं की मोठ्याने."

राघवने बोलू नये ते बोलून टाकलं. "पण आई, हल्ली तू म्हणतेस ना तसं. हिच्यासारखं."

"म्हणते," आई म्हणाल्या. "कधी कधी म्हणते."

---

शुक्रवारी आम्ही घरी आलो. कैऱ्या टोपलीतच पिवळ्या पडल्या होत्या, त्या कामवाल्या बाईंना देऊन टाकल्या. दुर्गा बॉल उजव्या हाताने घ्यायची. डाव्या हातात दिला की तो हातातून सुटायचा आणि ती त्याच्याकडे बघत राहायची. चौथ्या दिवशी तिने डाव्या हाताने माझे केस ओढले, इतके जोरात की डोळ्यांत पाणी आलं. मी तिची मूठ सोडवली नाही.

घरात आता सगळेच फार नीट बोलायला लागले. आई जिन्याच्या अर्ध्यात उभ्या राहून सांगायच्या, "मंजिरी, मी आता तळमजल्यावर चाललेय. दुर्गा तुझ्याजवळ आहे. ऐकलंस?" मी म्हणायची, "ऐकलं, आई. दुर्गा माझ्याजवळ आहे." कचेरीतल्या दोन माणसांसारखं. तो एक शब्द दोघींच्याही तोंडातून नाहीसा झाला. डबा रिकामा असतो, कामवाली मोकळी असते, चप्पल जिन्याच्या तळाशी असते. कुणी हसत नाही.

शिखाला मी फक्त 'दुर्गा आजारी होती' एवढं कळवलं. तिने रविवार आठ दिवस पुढे ढकलला. मी नको म्हणणार होते. पण मधल्या काळात राघवने, मला बरं वाटावं म्हणून, माझ्या मोबाइलमधून रेकॉर्डिंग तिला पाठवून दिलं.

"ते कशाला पाठवलंस?"

"ऐकलं मी ते. तू असं वाजवतेस मला माहीत नव्हतं." त्याचा चेहरा बघून मला त्याच्यावर ओरडताही येईना. "मंजू, तेवढं तरी वाया जाऊ नये असं वाटलं."

संध्याकाळी शिखाचा फोन. "मंजू! ये क्या बजाया है तूने! दुसऱ्या वेळचा जो मधला पार्ट आहे ना, युवराज म्हणतो, मी हे की-बोर्डवर नाही करू शकत. कितना खुला हाथ है यार. बस ऐसा ही चाहिए. रविवारी असंच वाजव."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

शनिवारी दुपारी दुर्गा माझ्या मांडीवर झोपली होती. आई येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "त्या दिवशीचं ते आहे तुझ्याजवळ?"

"कुठलं?"

"तू वाजवलेलं. मला ऐकव."

मी हेडफोन आणून दिले. त्यांनी अंबाड्याच्या वरून ते कसेबसे बसवले. मी रेकॉर्डिंग लावलं. आई मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसल्या. देवळात कीर्तन ऐकताना बसतात तशा नव्हे. दारापाशी उभं राहून आतली चाहूल घेतात तशा. मधेच त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबले. नऊ मिनिटं बारा सेकंद त्या हलल्या नाहीत. माझ्या कानांवर काही नव्हतं, तरी कुठला सूर चालू आहे ते मला कळत होतं.

हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले. "मला वाटलं होतं, मागे कुठेतरी तिचा आवाज असेल."

"ते तारेतून सरळ जातं, आई. खोली त्यात येतच नाही."

"एवढासासुद्धा?"

"नाही."

"मग कधी सुरू झालं ते कळणारच नाही."

"नाही."

त्यांनी दुर्गाच्या डाव्या तळव्यावर बोट ठेवलं. झोपेतच तिने ते धरलं. "वाजवलंस मात्र सुरेख," आई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "उद्या जा तू. मी हिच्याजवळ बसते. इथे, या गादीवर, हिचा हात धरून. कूलर बंद ठेवते. तू परत येईपर्यंत उठणार नाही."

---

इंदरगंजात शिखाच्या काकांचं बंद पडलेलं ऑफिस आहे, दुसऱ्या मजल्यावर. तिथेच सराव चालतो. खिडक्यांना जुन्या गाद्या लावल्यात. मी पोचले तेव्हा विक्रमसिंहने ड्रमवर लहान मुलांच्या गाण्याचा ठेका वाजवून माझं स्वागत केलं. युवराजने विचारलं, "दुर्गा ठीक?" मी म्हटलं, "ठीक."

इथे हेडफोन नव्हते. मोठा अँप होता, जमीन थरथरत होती, जे जे मला दोन वर्षं हवं होतं ते सगळं होतं. मी मोबाइल अँपवर डोळ्यांसमोर ठेवला. राघवला सांगितलं होतं, दर दहा मिनिटांनी मेसेज कर. तीन-दहाचा आला होता. 'झोपली आहे. ताप नाही.'

विक्रमसिंहने काड्या आपटून चार मोजले. आम्ही सुरू केलं.

पहिल्या ओळीतच मला कळलं. मी सूर वाजवत होते आणि पुढच्या सुराच्या आधी ऐकत होते. गाणं नव्हे. गाण्याच्या मागे काही आहे का, ते. प्रत्येक सुराआधी एक बारीकशी वाट बघणं. कुणाला वाटेल, एवढ्याने काय होतं. पण बासमध्ये तेवढंच तर असतं. ड्रमचा ठोका पडायचा आणि माझं बोट केसाएवढं मागून यायचं.

शिखा थांबली. "वॉर्म अप हो जा, मंजू. वन्स मोअर."

दुसऱ्यांदाही तेच. मी ऐकायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवलं म्हणून अधिक ऐकलं. विक्रमसिंह माझ्यासाठी ठोका मागे खेचायला लागला, त्यामुळे सगळं गाणंच मागे पडलं. शिखाने हसून हात हवेत झटकला. "कोई नहीं. माझंच चुकतंय. डोळे मिटून करू, चलो. तुझं रेकॉर्डिंग मनात ठेवून."

तिने खरंच डोळे मिटले. तिसऱ्यांदा सुरू झालं.

पहिल्या कडव्यानंतर मला माझ्या सुराखाली दुसरा सूर जाणवला. तोच, पण वेळेवर पडणारा. मी वर पाहिलं नाही. युवराजचा डावा हात असणार हे बघायची गरज नव्हती. पडणाऱ्या माणसाच्या कोपराला हात लावावा तसा त्याने तो हळूच लावला होता. थोडा वेळ आम्ही दोघं बरोबर चाललो. मग मी बोटं तारांवर आडवी ठेवली, त्या थांबवायला ठेवतात तशी, आणि तशीच राहू दिली.

गाणं थांबलं नाही. मधला भाग आला. युवराजने तो साधा वाजवला, माझ्यासारखा नाही, पण भक्कम. जमीन तेवढीच थरथरत होती. मोबाइलवर राघवचा मेसेज उजळला. 'झोपली आहे. आई हात धरून बसली आहे.'

शेवटचा सूर विरला. शिखाने डोळे उघडले. तिचा चेहरा फुलला होता.

"ये! आता आलं! मंजू, यही तो चाहिए था!"

विक्रमसिंह काड्यांशी खेळायला लागला. युवराजने की-बोर्डचा आवाज कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. शिखा त्याच्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि तिचं हसू हळूहळू जागच्या जागी अडकत गेलं.

"मंजू?"

मी अँपचं बटण बंद केलं आणि वायर काढून कोपरावर गुंडाळायला घेतली.